बर्फावरची अनवाणी पावलं

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेली. ज्याला पटणार नाही त्यानं इथंच थांबावं, माझी काही हरकत नाही. मी स्वतः वर्षभर लिहायचं टाळलं.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

मंगळवार, २ फेब्रुवारी १९९९. दुपारचे सव्वातीन. लातूर. औसा रोडच्या आतल्या एका गल्लीत गुरम्मा नावाच्या म्हातारीचं घर, त्यातल्या पुढच्या दोन खोल्या. बाहेर लख्ख ऊन पडलेलं. समोरच्या पिठाच्या गिरणीचा आवाज चालू.

आणि आत, शहाबादी फरशीवर...

पण आधी मामा कोण, तिथं का राहत होते, ते सांगतो.

आनंदराज सोनकांबळे. नांदेडला पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन. धरणाचे, कालव्यांचे नकाशे काढायचं काम. बोटांत इतकी सफाई की पट्टी न लावता सरळ रेघ मारायचे. मामी, पंचशीला, नांदेडच्याच दवाखान्यात सिस्टर. एकुलती एक मुलगी, लुंबिनी. दहावीला तालुक्यात पहिली आली आणि घरात एकच विषय सुरू झाला... लातूर.

त्या काळात ज्याचं लेकरू हुशार, त्याला लातूर सुचायचंच. पहाटे सहाला क्लास, मग कॉलेज, मग पुन्हा क्लास, रविवारी टेस्ट. अख्ख्या मराठवाड्यातली पोरं सायकलींवर. मामींना नोकरी सोडता येत नव्हती. मग मामांनीच स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मुलीसोबत लातूरला आले.

खोली मिळायला अकरा दिवस लागले.

खोली रिकामी असायची. मालक दाखवायचा, भाडं सांगायचा. मग विचारायचा, "आडनाव काय म्हणलात?" आणि आडनाव ऐकलं की त्याला आठवायचं, मेहुण्यानं ती खोली आधीच कुणाला तरी कबूल केलीय.

गुरम्मानं नाव विचारलंच नाही. उदगीरकडची लिंगायत म्हातारी, एकटी राहणारी. दारात उभं राहून तिनं लुंबिनीकडं खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "पोरगी अभ्यासाची हाय का? मग ऱ्हावा."

असे ते तिथं राहिले.

आता बघा, लुंबिनी पहाटे साडेपाचला जायची, ती संध्याकाळी आठला यायची. मधे एकदा दुपारी जेवायला आली तर आली. मामांना दिवसभर काम काय? भात लावायचा, डबा भरायचा, नळाला पाणी आलं तर भरून ठेवायचं. बाकी दिवस रिकामा. पेपर तरी किती वेळा वाचणार.

तेव्हा त्यांना वसंतरावांचा खोका आठवला.

वसंतराव म्हणजे मामांचे जुने साहेब, निवृत्त इंजिनिअर. त्यांचा मुलगा मिहिर अमेरिकेत. त्यानं वडलांसाठी विमानाच्या मॉडेलचा एक संच पाठवला होता. सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. वसंतरावांचे हात थरथरायला लागले होते. निरोपाच्या दिवशी त्यांनी खोका मामांच्या हातात ठेवला. म्हणाले, "आनंदराज, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. तुमचा हात चालतो. तुम्ही करा."

खोक्यावर चित्र होतं. सत्तर वर्षांपूर्वीचं जुनं विमान. एकावर एक असे दोन पंख, मधे तारा ताणलेल्या. चाकांच्या जागी लांब पट्ट्या, बर्फावर घसरत उतरण्यासाठी. चहूकडे पांढराशुभ्र बर्फ. विमानापाशी एक वैमानिक, एक मेकॅनिक. आणि कुणीच नाही.

डिसेंबरात मामांनी काम सुरू केलं. खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं मॉडेल. पंख हाताच्या तळव्यापेक्षा थोडे मोठे. तारांच्या जागी त्यांनी लुंबिनीच्या जुन्या नायलॉनच्या रिबिनीतले धागे ताणले. विमान तांबडं रंगवलं. महिनाभरात ते इतकं सुंदर झालं की लुंबिनी अभ्यास सोडून बघत बसायची.

"पप्पा, पंखा फिरतो का हो?"

"फुंकर मार."

तिनं फुंकर मारली. नखाएवढा पंखा गर्रकन फिरला. दोघंही हसले. मामा सांगतात, त्या घरातलं तेवढं हसणं त्यांना लक्षात आहे.

मग राहिला बर्फ.

मामांनी जन्मात बर्फ पाहिला नव्हता. लातूरला बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याकडची लादी. मीठ टाकून पाहिलं, ते ओलं झालं. खायचा सोडा पिवळा पडला. शेवटी बाजारातून पांढरी रांगोळी आणली, मलमलच्या कापडातून तीनदा चाळली. प्लायवूडच्या फळीवर थर्माकोलचे उंचवटे केले, वर फेविकॉलचा हात दिला आणि चाळणीतून अलगद रांगोळी भुरभुरवली. शेवटचा थर नुसताच, मोकळा. त्यावर आगकाडी तासून बुटांचे ठसे उठवले. वैमानिकाचे सहा, मेकॅनिकचे चार. संचातल्या त्या दोघांच्या बाहुल्याही पक्क्या चिकटवल्या.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सगळं तयार झालं. खिडकीखालच्या टेबलावर फळी ठेवली.

त्याच दिवशी गुरम्मा ताक घेऊन आली. दारातच थांबली.

"साहेब... ह्यो चुना कशाला टाकलाव हितं?"

"चुना न्हाई मावशी, बर्फ हाय. विमान उतरलंय बर्फात."

म्हातारी आत आली नाही. ताकाचा तांब्या उंबऱ्यावर ठेवला.

"किल्लारीला भूकंप झाला तवा आसाच चुना टाकलेला सगळ्या गावांवर. म्या बघितलाय," ती म्हणाली, आणि गेली.

मामा ताक प्यायले. पण त्यानंतर त्यांना त्या पांढऱ्याकडं पहिल्यासारखं बघता येईना.

तीन दिवसांनी पहिली खूण दिसली.

दुपारची वेळ. मामा भिंग घेऊन विमानाच्या तारा पाहत होते. नजर खाली गेली. फळीच्या डाव्या कोपऱ्यात, जिथं त्यांनी काहीच केलं नव्हतं तिथं, बारीक खळगे दिसले. एकामागं एक. पाच.

त्यांना वाटलं, मुंगी किंवा झुरळ असेल.

भिंग जवळ नेलं.

प्रत्येक खळग्याला पुढच्या बाजूला पाच ठिपके होते...

बोटं.

अनवाणी पावलं होती ती. इतकी बारीक की सुईनं काढायची म्हटलं तरी निघाली नसती. कोपऱ्यातून सुरू झालेली, विमानाच्या दिशेनं चाललेली.

मामा नकाशेवाले. हात आपोआप कंपासपेटीतल्या डिव्हायडरकडं गेला. पाऊल साडेचार मिलिमीटर. अठ्ठेचाळीसनं गुणलं. साडेएकवीस सेंटिमीटर.

दहा-बारा वर्षांच्या लेकराचा पाय.

त्यांनी मऊ ब्रशनं पावलं पुसली, वर रांगोळी चाळली. लुंबिनीला काही सांगितलं नाही. तिची परीक्षा महिन्यावर आली होती.

दुसऱ्या दिवशी पावलं परत होती.

आता नऊ.

पुसली. तिसऱ्या दिवशी चौदा. खिडकी बंद, दार बंद, फळीवर मामींची जुनी पांढरी साडी झाकलेली. साडी उचलली की खाली पावलं. रोज विमानाच्या थोडी जवळ.

मग आवाज यायला लागला.

खर्र... खर्र...

टेबलाच्या खालून. नखानं माती उकरल्यासारखा. मामा वाकून बघायचे, खाली काहीच नसायचं. ते वाकले की आवाज थांबायचा. उठून बसले की पुन्हा...

खर्र...

एका दुपारी त्यांनी साडी बाजूला केली आणि मेकॅनिक दिसला नाही.

वैमानिक जागेवर होता. मेकॅनिकचे चार बुटाचे ठसे जागेवर होते. मेकॅनिक नव्हता. मामांनी टेबल शोधलं, फरशी शोधली, केर चाळला. उंदरानं नेलं म्हणावं तर चिकटवलेली बाहुली, नेताना थर तरी फाटला असता.

मग फळीच्या मध्यावर, सपाट बर्फात, त्यांना काहीतरी वर आलेलं दिसलं. तांदळाच्या कणीएवढं.

भिंग लावलं.

हात होता.

ब्रशनं त्यांनी रांगोळी हळूहळू सारली. मेकॅनिक खाली होता. पालथा. पुरलेला. एकच हात तेवढा वर आलेला.

मामांनी ब्रश खाली ठेवला. कारण असा हात त्यांनी आधी पाहिला होता. आणि आता जे सांगणार आहे, ते त्यांनी तोवर मामींनाही सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबर १९९३. भूकंपानंतर खात्यातून नकाशे काढणारी माणसं मदतीला पाठवली, त्यात मामा होते. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. काम असं होतं की कोलमडलेल्या गल्लीतून फिरायचं, घरांना क्रमांक द्यायचे आणि तक्ता भरायचा. घरात माणसं किती. सापडली किती. राहिली किती.

चौथा दिवस होता. दगडमातीची घरं, एकेका भिंतीची रुंदी दोन हात, सगळी आत बसलेली. तोंडाला रुमाल बांधून मामा फिरत होते. कुठं कुठं ढिगाऱ्यातून असाच एखादा हात वर आलेला. तीन दिवसांत झोप नाही. एका घरापाशी आले. शेजाऱ्यानं सांगितलं, चार माणसं होती, चारही काढली. मामांनी लिहिलं, चार. चार. आणि शेवटच्या रकान्यात कचेरीत शून्यासाठी लिहितात तो शब्द... निरंक.

शेजारी पुढं गेला. मामा वळले.

आणि ढिगाऱ्यातून आवाज आला.

खर्र... खर्र...

मग अगदी बारीक, "ओ साहेब..."

मामा थांबले. कान दिला. पुन्हा काही आलं नाही. त्या दिवसांत सगळ्यांनाच आवाज ऐकू यायचे. जवानांना यायचे, डॉक्टरांना यायचे. कितीतरी जागी लोकांनी तासन् तास दगड उपसले होते आणि खाली काही निघालं नव्हतं. जीप हॉर्न देत होती. अजून बावीस घरं राहिली होती.

तक्त्यावर निरंक लिहून झालं होतं.

मामा पुढं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रोगराई नको म्हणून, त्या गल्लीवर चुना टाकलेला होता. सगळं पांढरं, सपाट.

"भास व्हता का खरं व्हतं, मला आजबी सांगता येत न्हाई," मामा मला म्हणाले. "पन मी थांबलो न्हाई. तेवढं खरं हाय."

तर आता लातूर. जानेवारीचा शेवट. मामांनी फळी एका खोक्यात भरली, दोरी बांधली आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं नेऊन ठेवली. फेकायचा धीर झाला नाही.

दोन दिवस शांत गेले.

तिसऱ्या दिवशी लुंबिनी जेवायला आली. भाकरी मोडता मोडता म्हणाली, "पप्पा, तुम्हाला कोण हाक मारून राहिलंय हो?"

"कुठं?"

"पहाटे मी निघते ना, तवा. रोज. 'ओ साहेब' म्हणतंय. मला वाटलं दूधवाल्याचं पोरगं असंल."

मामांचा घास हातातच राहिला. दूध आणायला ते स्वतः जायचे. दारावर कुणी येत नव्हतं.

रविवारच्या टेस्टमध्ये लुंबिनीला पन्नासपैकी अकरा मिळाले. तोवर कधी चाळीसच्या खाली आली नव्हती. सर म्हणाले, पेपरचं शेवटचं पान कोरं सोडलंय. तिला विचारलं तर तिला आठवेना. संध्याकाळी मामा तिची नखं पाहून दचकले. दहाच्या दहा नखांत पांढरी माती भरलेली.

"खडूची पूड असंल," ती म्हणाली.

मामांनी एसटीडी बूथवरून मामींना फोन लावला. "परीक्षेचं टेन्शन हाय तिला," मामी म्हणाल्या. "मी शनवारी येते. तवर तिला एकटी सोडू नका."

शनिवार यायच्या आत मंगळवार आला.

लुंबिनीला सकाळपासून ताप. क्लासला गेली नाही. मामांनी दिवसभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या. दुपारी तीनला गोळ्या संपल्या. मेडिकल कोपऱ्यावर, जाऊन येऊन दहा मिनिटं. मामा गुरम्माला म्हणाले, "मावशी, लक्ष ठेवा, आलोच." लुंबिनी गाढ झोपली होती. त्यांनी दार नुसतं पुढं लोटलं आणि निघाले.

परत आले तर गुरम्मा अंगणात उभी. तोंडाला पदर लावलेला.

"साहेब, तुमच्या दारातनं वास यायलाय. चुन्याचा."

मामांनी दार ढकललं. उघडेना. आतून कडी लावलेली नव्हती. पाहिलं तर फटीतून कडी खाली लोंबताना दिसत होती. तरी दार उघडत नव्हतं, पलीकडून माती भरल्यासारखं.

"लुंबिनी! ये लुंबिनी!"

आतून उत्तर नाही.

फक्त...

खर्र... खर्र...

मामांनी खांदा लावला. गुरम्मानं हात लावला. सत्तरीची म्हातारी, पण तिनंही जोर केला. दार एकदम उघडलं आणि मामा आत कोसळले. हाताखाली फरशी, आणि फरशीवर पांढरी पावलं.

या वेळी ती पाहायला भिंग लागलं नाही.

पुरत्या मापाची होती. लहान, अनवाणी. गच्चीच्या जिन्याकडून आलेली, खिडकीखालच्या रिकाम्या टेबलाला वळसा घालून थेट लुंबिनीच्या कॉटपर्यंत गेलेली. जाणारी होती. परत येणारी एकही नव्हती.

कॉटवर कुणी नव्हतं.

मामा सांगतात, समोरची गिरणी चालू होती, पण त्यांना तिचा आवाज येत नव्हता. काहीच येत नव्हतं. कान भरून आल्यासारखे झाले होते.

ते गुडघ्यावर बसले. कॉटखाली पाहिलं.

लुंबिनी तिथं होती. पालथी. गाल फरशीला लावलेला. एक हात पुढं केलेला, नखं फरशीवर चालत होती. डोळे उघडे होते. बापाकडंच पाहत होती, पण ओळख नव्हती त्या डोळ्यांत.

मामांनी तिचा हात धरला. ताप असलेल्या पोरीचा हात... बर्फासारखा गार.

"लुंबिनी, बेटा, बाहेर ये."

तिनं मान हलवली. नाही.

मग बोलली. आवाज तिचाच होता, फक्त लहान झालेला. घशात माती अडकल्यासारखा.

"ओ साहेब... मी हाय हितं."

मामांनी तिचा हात तसाच धरून ठेवला.

"मी हाय हितं. मला लिवून घ्या."

गुरम्मा उंबऱ्यातून आत आली. चुना दिसल्यापासून ज्या खोलीत तिनं पाऊल टाकलं नव्हतं त्या खोलीत पावलांवरून चालत आली आणि मामांच्या शेजारी बसली. तिनं काहीच विचारलं नाही. कोण, कुठली, काय. म्हणाली, "साहेब, ते काय मागतंय ते द्या. लिवा."

मामा उठले. लुंबिनीच्या वहीचं पान फाडलं. पेन घेतला. पट्टीशिवाय सरळ रेघ मारणारा हात, पण रेघ धड येईना. तरी त्यांनी रकाने आखले. घर. माणसं. सापडली. राहिली.

घर क्रमांक त्यांना पाठ होता. सव्वापाच वर्षं पाठ होता.

माणसं, पाच. सापडली, चार.

राहिली... एक.

"नाव सांग," मामा म्हणाले.

मग लुंबिनीचे ओठ हलले. मामांनी कान जवळ नेला. मग कागदावर काहीतरी लिहिलं. गुरम्माला वाचता येत नव्हतं.

"लिवलं?" कॉटखालून आवाज आला.

"लिवलं," मामा म्हणाले.

फरशीवरची नखं थांबली. समोरच्या गिरणीचा आवाज एकदम कानात शिरला. आणि लुंबिनी रडायला लागली, मोठ्यानं, तिच्या नेहमीच्या आवाजात. "पप्पा, मी खाली कशी आले? पप्पा..."

दोघांनी तिला बाहेर ओढलं. गुरम्मानं तिला मांडीवर घेतलं, पदरानं तोंड पुसलं, पाणी पाजलं. सगळा तांब्या एका दमात प्यायली पोरगी. मग अजून एक.

मामा गच्चीवर गेले. खोका होता, दोरी तशीच. सोडून पाहिलं. विमान होतं, वैमानिक होता. फळीवर बर्फ नव्हता. एक कणही नाही. नुसता थर्माकोल.

निरोप मिळाला तशा मामी बुधवारीच आल्या. लुंबिनीजवळ मामींना बसवून मामा एकटेच एसटीनं त्या गावाकडं गेले. गाव आता दुसरीकडं वसवलेलं, सरळ रस्ते, एकसारखी घरं. जुन्या घराच्या शेजाऱ्याचं नाव त्यांना आठवत होतं, सिद्रामप्पा. तो पारावर सापडला. आता पार म्हातारा झालेला. मामांनी ओळख दिली, घराबद्दल विचारलं.

"चार मान्सं व्हती," सिद्रामप्पा म्हणाला. "नवरा-बायको, म्हातारी आन् एक पोरगा. चारीबी सापडली. मीच तर सांगितलं व्हतं तुमाला."

"पोरगी नव्हती?"

"न्हाई."

"पाव्हणी? कुणाची तरी?"

सिद्रामप्पा म्हणाला, "गणपती बुडवायचा दिवस व्हता, साहेब. गावात लई मान्सं आल्ती. लेकरं खेळून दमली आन् ज्याच्या-त्याच्या घरात झोपली. कोन कुठं झोपलं, कुणी मोजलं?" मग त्यानं विचारलं, "तुमी का इचारायलाव?"

मामा तिथून उठले, जुन्या गावाच्या जागी गेले. वेड्या बाभळी माजल्या होत्या. दगड तसेच. घर कुठलं होतं तेही ओळखू येईना. तिथं उभं राहून त्यांनी हात जोडले, बुद्धवंदना म्हटली.

मग तहसीलला एक अर्ज दिला. भूकंपात एक मुलगी नोंदीतून राहिली, चूक माझी, असा. बाबूनं वाचला, मामांच्या तोंडाकडं पाहिलं, शिक्का मारला. पुढं काही झालं नाही.

लुंबिनीनं परीक्षा दिली. मेडिकलला नंबर लागला नाही. पुढं तिनं फार्मसी केली. आज नांदेडलाच कॉलेजात शिकवते. तिला त्या दुपारचं काही आठवत नाही. पावलं पुन्हा कधी दिसली नाहीत, आवाज आला नाही. मामांनी विमान वसंतरावांना परत दिलं. इतकंच सांगितलं की बर्फ जमला नाही.

इथपर्यंतची गोष्ट मला बरीच वर्षं माहीत होती. मामांनी तुकड्या-तुकड्यांनी सांगितली होती. एकच गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही. कागदावर नाव काय लिहिलं.

मागच्या उन्हाळ्यात नांदेडला त्यांच्याकडं गेलो होतो. दुपारची वेळ. लुंबिनी आत स्वयंपाकघरात चहा ठेवत होती. मामा आता सत्तरीचे झालेत. मी पुन्हा विचारलं.

ते हळूच म्हणाले, "नाव मी लिवलंच न्हाई रे."

"का?"

"लेकरू म्हणून नुसतं लिवलं. अज्ञात लेकरू. अन् तिला खोटं सांगितलं, लिवलं म्हणून."

"पण नाव सांगितलं होतं ना तिनं?"

मामांनी तोंडानं सांगितलं नाही. समोरचा पेपर ओढला, खिशातली पेन्सिल काढली आणि कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं. मी वाकून वाचलं.

लुंबिनी.

मी पेपरवरून मान वर केली.

"त्या पोरीचंबी तेच नाव असंल," मामा कुजबुजले. "आपल्यातली असंल कुणाची तरी, पाव्हणी आलेली. का हिला न्यायला आल्ती... मला कळत न्हाई. पन मेलेल्यांच्या तक्त्यात, माझ्या हातानं, माझ्या पोरीचं नाव? कसं लिवू मी? तूच सांग."

त्यांनी खोडरबर घेतलं आणि ते नाव पुसायला लागले. कागद फाटेपर्यंत पुसत राहिले.

तेवढ्यात आतून आवाज आला. "हाव! आले, आले!"

लुंबिनी पदराला हात पुसत बाहेर आली. आमच्या दोघांकडं पाहिलं.

"कुणी हाक मारली?"

हाक कुणीच मारली नव्हती. ते नाव तर मघापासून कुणी उच्चारलंही नव्हतं.

"अरे, आता तर आवाज आला ना, माझं नाव घेतलं कुणीतरी." तिनं बाहेरच्या दाराकडं पाहिलं. दार बंद होतं. "बघ की जरा, कुणी उभं हाय का बाहेर."

मी उठायला गेलो...

मामांनी माझं मनगट धरलं. सत्तरीतल्या माणसाच्या हातात इतका जोर असतो, मला माहीत नव्हतं. त्यांनी मला उठू दिलं नाही. तिलाही दाराकडं जाऊ दिलं नाही.

चहा उतू गेल्याचा वास येईपर्यंत आम्ही तिघंही जागेवरच होतो, त्या बंद दाराकडं बघत.